डॉक्टर ‘घरी नको’ म्हणतात तेव्हा

कोकणात साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, तुमचा जन्म कुठला? बहुतेक जण घरातलाच सांगतील. माजघराच्या आतली अंधारी खोली, शेगडी, वाडीतली सुईण. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली जेमतेम पाव बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत तो आकडा ८८.६ टक्क्यांवर गेला, महाराष्ट्रात ९४.७ वर. बाळंतपणात दगावणाऱ्या बायांची संख्याही खूप खाली आली. २००४-०६ मध्ये महाराष्ट्रात लाख जन्मांमागे १३० आया जात होत्या, २०१८-२० मध्ये ३३. हे सगळं श्रेय दवाखान्यांचं नाही. मुलं कमी झाली, लग्नं उशिरा होऊ लागली, मुली शिकल्या. पण मोठा वाटा त्यांचा आहेच.

तरीही अधूनमधून एखादी बाई म्हणते, मला घरीच बाळंत व्हायचंय. दरड कोसळली म्हणून नाही, गाडी मिळाली नाही म्हणून नाही. ठरवून. कधी ती मुंबई-पुण्याहून माहेरी आलेली असते आणि नैसर्गिक बाळंतपणाबद्दल तिने पुष्कळ वाचलेलं असतं. कधी पहिल्या खेपेला रुग्णालयात जे सोसलं ते पुन्हा नको असतं. डॉक्टर ‘नको’ म्हणतात. आजी म्हणते, “आमची सगळी पोरां घरातच झाली. कोण गेल्ला डॉक्टराकडे?” नवऱ्याला दोन्ही बाजू पटतात आणि तो गप्प राहतो. हा लेख या सगळ्यांसाठी आहे, पण आधी त्या बाळंत होणाऱ्या बाईसाठी.

डॉक्टरांच्या ‘नको’मागे दोन वेगळी कारणं असू शकतात आणि ती सहसा वेगळी करून सांगितली जात नाहीत. पहिलं सर्वसाधारण: आपल्याकडे घरी येऊन, औषधं आणि साधनं घेऊन बाळंतपण करणारी शिकलेली दाई मिळण्याची सोय जवळपास नाही, म्हणून कुणीच घरी होऊ नये. दुसरं तुमच्या शरीराबद्दलचं: तपासणीत काहीतरी दिसलंय, म्हणून *तुम्ही* घरी होऊ नये. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: “डॉक्टर, माझ्यासाठी नको की कुणासाठीच नको?” दुसऱ्या प्रकारचा ‘नको’ असेल तर त्याचं कारण कागदावर लिहून मागा. घरी येऊन शांतपणे वाचता येतं आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येतं.

आधीचं सिझर असेल तर कळांच्या जोराने पिशवीवरची जुनी शिवण उसवू शकते. साधारण दोनशेतल्या एकीला असं होतं. १९९ जणींना काही होत नाही, हे खरं आहे. पण जिला होतं तिचं रक्त पोटातल्या पोटात वाहतं, बाहेर फारसं दिसतही नाही, आणि बाळाकडे मोजकी मिनिटं उरतात. म्हणजे ऑपरेशन थिएटर त्याच इमारतीत हवं. सिझरनंतर नॉर्मल होणारच नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. योग्य बाईला, योग्य रुग्णालयात तो प्रयत्न करता येतो आणि पुष्कळदा यशस्वी होतो. ‘घर की पुन्हा सिझर’ अशा दोनच वाटा तुमच्यासमोर ठेवल्या गेल्या असतील तर या तिसऱ्या वाटेबद्दल जरूर विचारा.

शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीत वार गर्भाशयाच्या तोंडावर दिसत असेल तर वादाला जागा नाही. तोंड उघडायला लागलं की वार सुटणार आणि बाळाआधी रक्त येणार. सुईण कितीही अनुभवी असली तरी तिच्या हातात काही राहत नाही.

रक्तदाब १४०/९० च्या वर जात असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील, तर झटके येण्याची भीती असते. त्यावर मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त आणि खात्रीचं इंजेक्शन आहे, पण ते देऊन बाईवर सतत लक्ष ठेवावं लागतं. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येणं, छातीखाली पोटात दुखणं ही याची आधीची लक्षणं. गरोदरपणात पित्त म्हणून सोडून दिली जातात ती हीच. बाळ पायाळू असेल तर अंग बाहेर आल्यावर डोकं अडकण्याचा धोका असतो. जुळ्यांमध्ये दुसरं बाळ आडवं फिरू शकतं. आणि हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर जेवढा रक्तस्राव दुसरीला सहज सोसतो तेवढा हिला सोसणार नाही. आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायांना रक्त कमी असतं, त्यामुळे हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं आणि सगळ्यात जास्त वेळा दुर्लक्षिलं जातं.

“परदेशात तर शिकलेल्या बायका घरी बाळंत होतात,” हे ऐकू येतं आणि ते खरं आहे. इंग्लंडमध्ये ६४ हजारांहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास झाला, २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांना कसलाही धोका नव्हता आणि ज्यांचं हे दुसरं-तिसरं बाळंतपण होतं, त्यांच्या बाळांना घरी आणि रुग्णालयात सारखाच धोका दिसला. पहिलटकरणींमध्ये मात्र फरक पडला: बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यू असे प्रसंग रुग्णालयात हजारी ५.३, घरी ९.३. शिवाय घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना मध्येच किंवा बाळंतपणानंतर लगेच रुग्णालयात हलवावं लागलं. दुसरेपणी हा आकडा १२ टक्के.

ते आकडे इथे लावताना लक्षात ठेवायला हवं की तिथे घरी येणारी दाई सरकारी सेवेतली, पदवीधर असते. तिच्या पिशवीत रक्त थांबवणारं औषध असतं, बाळाला श्वास देण्याचं साधन असतं. रस्ते बारमाही, रुग्णवाहिका बोलावली की येते. आणि धोका नसलेल्या बायांचेच हे आकडे आहेत. ज्यांना डॉक्टरांनी कारण सांगून ‘नको’ म्हटलं, त्यांना यातून काहीच दिलासा मिळत नाही. आपल्या सरकारनेही २०१८ पासून दाई-परिचारिका तयार करण्याचं धोरण घेतलंय, पण त्या रुग्णालयातच काम करण्यासाठी आहेत. तुमच्या वाडीत त्या येणार नाहीत.

आता मुख्य गोष्ट. घरच्या बाळंतपणाची चर्चा नेहमी बाळ बाहेर येण्यापर्यंतची होते: कळा सोसवतील का, बाळ अडेल का. माझ्या मते निर्णय त्यानंतरच्या दोन तासांवर करायला हवा.

नऊ महिने भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त जात असतं. बाळ जन्मलं की वार सुटते आणि जिथे ती चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्या बंद करण्याची शरीराची युक्ती साधी आहे: गर्भाशयाचे स्नायू जाळीसारखे विणलेले असतात, ते घट्ट आवळतात आणि मधल्या वाहिन्या दाबल्या जातात. बहुतेक वेळा हे आपोआप होतं. पण कळा खूप लांबल्या असतील, बाळ मोठं असेल, वारेचा तुकडा आत राहिला असेल, किंवा कधी काहीही कारण नसताना, पिशवी सैल राहते. मग रक्त थांबत नाही. अर्धा लिटरपासून पुढे त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. जगभरात बाळंतपणात बाया दगावण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे. असा रक्तस्राव सुरू झाल्यावर उपचार न मिळालेल्या बाईकडे सरासरी दोन तास असतात. झटक्यांमध्ये साधारण दोन दिवस मिळतात, अडलेल्या बाळंतपणात तीन. रक्तस्रावात मिळत नाहीत.

आणि तो कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. ज्यांना होतो त्यातल्या कितीतरी जणींचे सगळे रिपोर्ट चांगले असतात.

आता हे दोन तास कोकणाच्या जमिनीवर मांडून बघा. सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या माळावरची वाडी, पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी खाली रस्त्यापर्यंत बाईला खुर्चीत किंवा डोलीत आणायचं. रात्र असेल तर आधी गाडी शोधायची, त्याआधी मोबाईलला रेंज शोधायची. प्राथमिक आरोग्य केंद्रात पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन मिळेल, सलाईन लागेल. पण पिशवी त्यानेही आवळली नाही तर पुढे रक्त आणि भूलतज्ज्ञ असलेलं ठिकाण लागतं: कुडाळ, ओरोस, रत्नागिरी, डेरवण. सिंधुदुर्गातले पेशंट पुढे गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवले जातात, रत्नागिरीतले आंबा घाट चढून कोल्हापूरला. सावंतवाडीहून बांबोळी चांगल्या दिवशी दीड तास. जुलैत, महामार्गाचं काम अर्धवट असताना, घाटात दरड असताना किती, ते तुम्हीच जाणता. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, वाशिष्ठीवरचा पूल तुटला. त्या दिवशी तिथल्या एखादीच्या कळा सुरू झाल्या असत्या तर तिच्यासाठी घड्याळ थांबलं नसतं.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे निघालेली प्रत्येक होडी बुडणार असं नसतं. बहुतेक परततील. बावटा सांगतो की आज समुद्रात काही बिघडलं तर किनारा गाठायला वेळ मिळणार नाही. डॉक्टरांचा ‘नको’ बहुतेक वेळा हेच सांगत असतो, फक्त तो असा समजावून सांगितला जात नाही.

औषध घरीच आणून ठेवलं तर? हा प्रश्न रास्त आहे. ऑक्सिटोसिन थंड ठेवावं लागतं, उन्हाळ्यात कपाटात त्याची ताकद जाते. पिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रीज लागत नाही, आणि त्यांचा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास आपल्या घाटापलीकडेच, बेळगाव जिल्ह्यात झाला. २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १,६२० बाया, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत झालेल्या, सोबत प्रशिक्षित नर्स. बाळ जन्मल्यावर निम्म्यांना या गोळ्या, निम्म्यांना औषध नसलेल्या गोळ्या. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. मोठी गोष्ट आहे ही. पण निम्म्यावर आलं, शून्यावर नाही. आणि गोळी द्यायला शिकलेली नर्स तिथे होती: बाळ जन्मण्याआधी चुकून दिली तर हीच गोळी गर्भाशय फाडू शकते. कुणा गावठी डॉक्टराने घरी येऊन दिलेलं ‘कळा वाढवायचं इंजेक्शन’ही तसंच जीवघेणं. ते कुणी देऊ केलं तर त्याला घराबाहेर काढा, इतकं स्पष्ट मी लिहिते आहे.

आता आजीच्या बोलण्याकडे येऊ. ती खोटं बोलत नाही, तिने खरोखरच बहुतेक सुखरूप बाळंतपणंच पाहिली आहेत. समजा तिच्या गावात वर्षाला १५ जन्म होत. १९९० च्या सुमारास भारतात लाख जन्मांमागे साडेपाचशेच्या आसपास आया दगावत, म्हणजे साधारण १८० जन्मांमागे एक. त्या हिशेबाने त्या गावात बारा वर्षांतून एकदा बाळंतीण जायची. मधली अकरा वर्षं सगळं सुखरूप. जी गेली तिच्याबद्दल ‘तिला बाहेरचं लागलं’ असं म्हटलं गेलं असेल, किंवा नुसतंच ‘अडली आणि गेली’. आज आजीजवळ बसून आपली गोष्ट सांगायला ती नाही. खालच्या वाडीत, वरच्या वाडीत, माहेरच्या गावात अशी एकेक होती. आजीला प्रेमाने विचारा, तुमच्या वेळची कुणी गेली का हो? बहुतेक आज्यांना एक तरी नाव आठवतं.

पण घरीच बाळंत व्हायचं म्हणणाऱ्या बाईच्या निर्णयाचं दुसरं मूळ रुग्णालयात आहे, आणि ते झाकून ठेवलं तर हा लेख लबाड होईल. प्रसूतिगृहात ओरडणं, ‘तेव्हा मजा वाटली ना’ असले शब्द, मांडीवर चापट, एकटीला टेबलावर सोडून देणं, न विचारता दिलेला छेद आणि घातलेला टाका. बाया हे एकमेकींना हळू आवाजात सांगतात. सिझरची भीतीही हवेतली नाही: २०१९-२१ च्या पाहणीत देशात सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, खाजगीत ४७.४ टक्के. एवढा फरक फक्त बायांच्या शरीरांमुळे पडत नाही. या बाईला ‘अडाणी’ म्हणून चालणार नाही. तिला जे नकोय ते नको असणं बरोबरच आहे.

म्हणून रुग्णालयात काय मागता येतं ते तिला माहीत हवं. सरकारी रुग्णालयात कळांच्या वेळी सोबत एक बाई ठेवता येते, तशा केंद्र सरकारच्या सूचना २०१६ पासून आहेत. आई, बहीण, जाऊ, कुणीही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार कळांमध्ये चालता-फिरता येतं, पाणी पिता येतं, हलकं खाता येतं, उकिडवं किंवा कुशीवर बाळंत होता येतं. बाळाला वाट करून द्यायला सरसकट सगळ्यांना छेद द्यायचा नाही. पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंत घाई करायची नाही. हे सातव्या-आठव्या महिन्यातच बोलून ठेवा, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते तेव्हा. जिथे तुमचं ऐकून घेतलं जात नाही तिथून दुसरीकडे जाण्याचा विचार करा. रुग्णालय बदलता येतं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी ठिकाणी बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी हे सगळं मोफत आहे.

आणि कोकणात पूर्वीपासून चालत आलेली एक मधली वाट आहे, ती मला सर्वांत शहाणी वाटते. पावसाळ्यातली तारीख असेल तर आठ-दहा दिवस आधी तालुक्याच्या गावी आत्याकडे-मावशीकडे जाऊन राहायचं. कळा सुरुवातीच्या असेपर्यंत त्या घरातच, आपल्या माणसांत, चालत-फिरत काढायच्या. जोर धरल्यावर रुग्णालयात जायचं. दोन दिवसांनी घरी परत, मग शेक, मालिश, अळिवाची खीर, पाचवी, सगळं आपल्या पद्धतीने. घरच्या बाळंतपणातून जे हवं असतं त्यातलं बरंचसं यात मिळतं आणि ते दोन तास सांभाळले जातात.

हे सगळं समजून घेऊनही एखादी ‘नाही’ म्हणाली तर? कायद्याने सज्ञान बाईच्या संमतीशिवाय तिच्यावर उपचार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केलं. ती संमती तिची असते, नवऱ्याची किंवा सासूची नव्हे. उलट बाजूही तेवढीच खरी: तिला जायचं असेल आणि घर अडवत असेल तर तो तिच्या जिवाशी खेळ आहे. २०१८ मध्ये तिरुप्पूरला इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून घरी केलेल्या बाळंतपणात एक तरुण शिक्षिका रक्तस्रावाने गेली, आणि नवऱ्याला अटक झाली. आधी सल्ला नाकारला होता म्हणून नंतर दारात आलेल्या बाईला डॉक्टर परत पाठवू शकत नाहीत. तातडीचे उपचार देणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय. म्हणून रागावतील या भीतीने उशीर करू नका.

आशाताईंपासून आणि उपकेंद्रातल्या सिस्टरपासून हा निर्णय लपवू नका. लपवलेलं बाळंतपण सर्वांत धोक्याचं, कारण मदतीला येणाऱ्याला शून्यातून सुरुवात करावी लागते. रक्तगट आणि शेवटचं हिमोग्लोबिन भिंतीवर लिहून लावा. गाडी, ड्रायव्हर आणि पाखाडीवरून उचलून न्यायला चार माणसं रात्रीसकट ठरवून ठेवा. १०२ आणि १०८ लावून बघा, घरातल्या कुठल्या कोपऱ्यात रेंज येते ते आधी शोधा. ‘चला’ म्हणण्याचा अधिकार एका माणसाला द्या, आणि त्याने म्हटल्यावर कुणीही चर्चा करायची नाही.

‘चला’ कधी म्हणायचं? बाळाआधी रक्त वाहिलं, पाणी हिरवट-काळपट आलं, पाणी जाऊन अर्धा दिवस उलटला, बाळ हलेनासं झालं, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, ताप चढला, हात, पाय किंवा नाळ आधी दिसली, तासभर जोर देऊनही बाळ पुढे सरकेना. जन्मानंतर अर्ध्या तासात वार पडली नाही किंवा रक्त टिपायची कापडाची घडी बदलल्यावर लगेच पुन्हा भिजली तर बाळंतिणीला आडवीच घेऊन निघायचं. नाळ ओढायची नाही, पोट दाबायचं नाही. बाळाला पुसून आईच्या छातीवर ठेवायचं आणि लगेच पाजायचं. दूध ओढलं की पिशवीही आवळते. दहातल्या एका बाळाला पहिला श्वास घ्यायला थोडी मदत लागते. कोरडं पुसूनही, पाठ चोळूनही रडलं नाही तर तोंडावर मास्क लावून श्वास देणारं माणूस त्याच मिनिटाला लागतं, आणि घरी ते नसतं. नाळेला नवं पातं, आणि वर राख, हळद, तेल काहीही नाही. गुटी आणि मधही नाही.

सगळं सुखरूप झालं तरी त्याच दिवशी सिस्टरला बोलवा किंवा बाळ-बाळंतिणीला केंद्रात न्या. बाळाला कावीळ-ब ची लस २४ तासांच्या आत लागते, सोबत बीसीजी, पोलिओ आणि व्हिटॅमिन के. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन, नाहीतर पुढच्या बाळाला धोका. घरी जन्मलेल्या बाळाकडे आशाताईंच्या सात भेटी ठरलेल्या आहेत, पहिली पहिल्याच दिवशी. आणि २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत जन्माची नोंद कुटुंबप्रमुखाने करायची. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला शाळेपासून पुढे सगळीकडे तोच दाखला लागणार आहे.